उद्यानात उजेडाचा आड: अर्जापासून लोकार्पणापर्यंत

लातूरमधल्या आमच्या भागातल्या उद्यानात २२ डिसेंबर २०२४ रोजी मी केलेलं 'आड' (म्हणजे विहीर) हे प्रकाशशिल्प लोकांसाठी खुलं झालं. पाच मीटर व्यासाचं बारा खांबांचं कडं आहे. खांबांच्या आत एलईडी दिवे आहेत. एखाद्या खांबापाशी माणूस उभं राहिलं की बुडापासून निळा उजेड वर चढतो, पण एकटं माणूस असेल तर तो गुडघ्यापर्यंत येऊन थांबतो. शेजारच्या खांबापाशी दुसरं कुणी आलं की दोन्हीकडची पातळी वाढते. बाराही जागा भरल्या तरच उजेड काठाला लागतो आणि कड्यावरून गोल फिरायला लागतो. माणसं निघून गेली की सावकाश खाली उतरतो.

तेव्हापासून बरेच जण विचारतात की परवानगी कुठून घेतली, पैसे किती लागले, महापालिका अशा कामाला हो म्हणते का. त्यात कला शिकणारी मुलं आहेत, दुसऱ्या गावांतली मंडळं आहेत, एक-दोन नगरसेवकही आहेत. प्रत्येकाला तुकड्या-तुकड्यात सांगण्यापेक्षा सगळं एकदाच क्रमानं लिहून ठेवते.

कल्पनेचं मूळ २०१६ मध्ये आहे. त्या वर्षी मार्चमध्ये लातुरात पाणी भरण्याच्या ठिकाणी कलम १४४ लागू झालं होतं. टाक्यांपाशी, टँकरपाशी पाचपेक्षा जास्त माणसांनी जमायचं नाही, असा आदेश होता. पुढं एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी आणि पाच लाख लिटर पाणी होतं. बाहेरच्या लोकांना ती रेल्वे आठवते. मला तो आदेश जास्त आठवतो. आडावर, बारवेवर, हापशावर माणसं जमणार, बोलणार, भांडणार, सोयरिकी जुळवणार, हे आमच्याकडं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. पाण्यापाशी जमणं हाच धोका ठरावा, ही गोष्ट माझ्या मनातून कधी गेली नाही. माणसं जमली तरच पाणी वर येईल असा आड मला करायचा होता.

२०२३ चा ऑगस्ट कोरडा गेला. देशात १९०१ पासूनच्या नोंदींमध्ये इतका कोरडा ऑगस्ट दुसरा नाही. घरोघरी पुन्हा बोअर आणि टँकरच्या गोष्टी निघायला लागल्या. त्याच महिन्यात मी गच्चीवर पांढऱ्या पीव्हीसी पाइपचे तीन खांब उभे करून पहिला नमुना केला. मी शिल्पकलेचं शिक्षण घेतलेलं आहे, इलेक्ट्रॉनिक्सचं नाही. ती बाजू माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानं सांभाळली. तो आता पॉलिटेक्निकमध्ये शिकवतो. या कामाला असा एक माणूस पहिल्या दिवसापासून बरोबर हवाच. नमुन्याचा दोन मिनिटांचा व्हिडिओ आम्ही मोबाइलवर काढला. पुढं ज्या-ज्या टेबलावर फाईल गेली तिथं त्या व्हिडिओनं माझ्या पाच पानी टिपणीपेक्षा जास्त काम केलं. म्हणून अर्ज टाईप करण्याआधी नमुना करा आणि व्हिडिओ काढा.

४ सप्टेंबर २०२३ ला महापालिका आयुक्तांच्या नावे अर्ज दिला. सोबत जागेचा हातानं काढलेला नकाशा, शिल्पाचं चित्र मापांसह, विजेचा अंदाजे भार, आणि 'महापालिकेवर उभारणीचा कोणताही आर्थिक बोजा पडणार नाही' असं पत्र जोडलं. आवक विभागातून आपल्या झेरॉक्सवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. पुढं प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न आवक क्रमांकाचाच असतो.

अर्जात एक वाक्य मी मुद्दाम ठळक केलं होतं: 'हा कोणत्याही व्यक्तीचा पुतळा नाही.' थोर व्यक्तींचे पुतळे उभारायला शासनाचे वेगळे नियम आहेत, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली समिती असते, पोलिसांचा अभिप्राय लागतो. शिवाय सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१३ मध्ये सार्वजनिक रस्त्यांवर आणि रहदारीच्या जागांवर पुतळे उभारायला परवानगी देऊ नये असा आदेश दिलेला आहे. एका अनुभवी लिपिकांनी मला आधीच सांगितलं होतं, "मॅडम, ती ओळ वरच लिहा, नाहीतर फाईल त्या समितीच्या वाटेला जाईल." त्यांचं ऐकलं, फाईल सरळ गेली.

तेव्हा महापालिकेत निवडून आलेलं सभागृह नव्हतं, प्रशासक होते. त्यामुळं ठराव प्रशासकांच्या अधिकारात होणार होता. तोवर उद्यान, विद्युत आणि बांधकाम अशा तीन विभागांचे अभिप्राय लागणार होते. उद्यान विभागाला झाडांच्या मुळांची काळजी होती, विद्युत विभागाला मुलांना शॉक लागण्याची, बांधकाम विभागाला खांब पडण्याची. तिन्ही काळज्या रास्त होत्या. मी प्रत्येकाला लेखी उत्तर दिलं, पण उत्तरापेक्षा जानेवारी २०२४ मध्ये झालेली संयुक्त पाहणी उपयोगी पडली. तिन्ही विभागांची माणसं एकाच सकाळी बागेत आली, चुन्यानं कडं आखलं, कडुनिंबापासून अंतर मोजलं आणि जागा दोन मीटर पूर्वेला सरकवली. कागदावर महिने गेले असते ते तासाभरात झालं. जमेल तितक्या लवकर सगळ्यांना जागेवर आणा.

२७ फेब्रुवारीला परवानगी मिळाली. त्यासोबत १०० रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर करारनामा झाला. (त्याच वर्षी ऑक्टोबरपासून राज्यात अशा दस्तांना ५०० चा पेपर लागतो, हे लक्षात ठेवा.) हा करारनामा घाईत करू नका, हे मला फार मनापासून सांगायचं आहे. शिल्प महापालिकेच्या मालकीचं होईल, वीज उद्यानाच्या मीटरवरून मिळेल, पहिली दोन वर्षं दुरुस्ती मी करीन, चालू-बंद करण्याची जबाबदारी उद्यान विभागाची, असे मुद्दे त्यात आहेत. शिवाय शिल्प हलवायचं किंवा काढायचं झाल्यास ३० दिवस आधी मला लेखी कळवावं, असं एक कलम मी घालून घेतलं. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं अमरनाथ सहगल यांचं भित्तिशिल्प १९७९ मध्ये काढून टाकलं गेलं. त्यांनी त्यासाठी कित्येक वर्षं न्यायालयात लढा दिला आणि २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ नुसार शिल्प विकलं तरी कलाकाराचे काही हक्क त्याच्याकडेच राहतात. हे कलम दाखवल्यावर महापालिकेच्या विधी विभागानं माझी अट काहीही वाद न घालता मान्य केली.

पैशांचं सांगते. एकूण खर्च ३ लाख ५३ हजार रुपये आला. खांबांचं फॅब्रिकेशन १ लाख ३८ हजार, पाया ७४ हजार, दिवे, सेन्सर आणि कंट्रोलर मिळून ६२ हजार, विजेची पेटी, केबल आणि अर्थिंग ४८ हजार, स्ट्रक्चरल इंजिनिअरचं प्रमाणपत्र आणि नकाशे १० हजार, आणि लोकार्पणाचा दिवस २१ हजार. यातली मोठी रक्कम सीएसआरमधून (कंपन्यांच्या सामाजिक कामाच्या निधीतून) मिळेल असं अनेकांनी सांगितलं होतं. कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत कला आणि संस्कृतीला जागा आहे हे खरं, पण तो पैसा एकट्या कलाकाराच्या खात्यात येत नाही. नोंदणीकृत संस्था लागते आणि एप्रिल २०२१ पासून त्या संस्थेची सीएसआर-१ नोंदणी असावी लागते. आमच्या ओळखीच्या एका संस्थेकडं ती होती, म्हणून निम्मी रक्कम त्या मार्गानं आली. उरलेलं दोन डाळमिलवाल्यांनी, एका क्लासच्या संचालकांनी आणि आम्ही घरच्यांनी घातलं. देणगीदारांची नावं एकाच छोट्या फलकावर, सारख्या आकारात लिहायची, हे पैसे घेण्याआधी ठरवलं होतं. नंतर ठरवायला गेलं की मनं दुखावतात.

१६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली. जागेचा ताबा मिळायचा होता, तो थांबला. ६ जूनपर्यंत काहीही होणार नव्हतं. फार वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. परवानगीचा कागद हातात आणि कुदळ मारता येत नाही. पण तो उन्हाळा वाया गेला नाही, कारण त्या उन्हाळ्यानंच शिल्पाचं सर्वांत महत्त्वाचं काम करून दिलं.

गच्चीवरच्या नमुन्यात माणूस ओळखायला आम्ही पीआयआर सेन्सर लावले होते. दुकानात, जिन्यात माणूस आला की दिवा लागतो तो हाच सेन्सर, शे-दीडशे रुपयांत मिळतो. तो अंगाची उष्णता आणि आजूबाजूची उष्णता यातला फरक ओळखतो. ऑगस्टमध्ये छान चालला. मे महिन्यात संध्याकाळी सातला गच्चीची फरशी पाय ठेवू देत नव्हती, हवा आणि अंग यांच्यात फरकच उरला नव्हता, तेव्हा सेन्सरला समोर उभा राहिलेला माणूस दिसेना. शिवाय माणूस स्तब्ध उभा राहिला की तो सेन्सर त्याला विसरतो, आणि आम्हाला तर माणसांनी थांबायला हवं होतं. मग अल्ट्रासोनिक लावून पाहिला. तो आवाजाच्या लहरी सोडतो आणि परत येणारा प्रतिध्वनी मोजतो. सुती साडी, शाल, स्वेटर असलं की मऊ कापडात लहरी जिरतात आणि मोजमाप चुकतं. अमेरिकेतल्या कलाकार जेन लेविन यांच्या 'द पूल' या शिल्पात लोक गोल तबकड्यांवर पाय ठेवतात आणि रंग पसरतात. तशा तबकड्या जमिनीत बसवायचा विचारही झाला. पण आमच्या मातीचा चिखल आणि धूळ बघता तो सोडला.

शेवटी २४ गिगाहर्ट्‌झचा छोटा रडार सेन्सर घेतला. तो श्वासाच्या हालचालीवरूनही स्थिर माणूस ओळखतो, उन्हाचा त्याला फरक पडत नाही, आणि प्लॅस्टिकच्या आडूनही चालतो. धातूच्या आडून मात्र चालत नाही. म्हणून लोखंडी खांबात ६० सेंटिमीटर उंचीवर पॉलिकार्बोनेटची खिडकी ठेवली. ही उंची लहान मूल आणि व्हीलचेअरवरचं माणूस दोघांनाही पुरते. खांब एकमेकांपासून सव्वा मीटरच्या आसपास आहेत, त्यामुळं एका खांबाचा रडार शेजारच्या माणसाला पकडायचा. त्यावर दोन उपाय केले. सेन्सर ७५ सेंटिमीटरच्या टप्प्यांमध्ये अंतर मोजतो, त्यातले जवळचे टप्पेच चालू ठेवले. आणि दोन्ही बाजूंना पत्र्याचा आडोसा दिला. हे करत असताना मी आणि घरातली सगळी माणसं रोज रात्री गच्चीवर खांबांपाशी उभी राहायचो. सासूबाईंनी तर रोजचा हरिपाठ तिथंच उभं राहून म्हणायला सुरुवात केली.

दिवे १२ व्होल्टचे, डब्ल्यूएस२८१५ जातीच्या पट्टीतले घेतले, मीटरला ६०. याचा एक मोठा फायदा म्हणजे डेटाची जादा तार असते, त्यामुळं एक दिवा गेला तरी पुढचे चालू राहतात. नियंत्रणाला ईएसपी३२ हा छोटा कंट्रोलर. विद्युत विभागाच्या काळजीला उत्तर असं दिलं की २३० व्होल्ट फक्त कुलूपबंद पेटीपर्यंत येतील. शिल्पात जाईल ते १२ व्होल्ट, म्हणजे हात लागला तरी इजा होणार नाही. पेटी आयपी६५ दर्जाची (धूळ-पाणी आत न जाणारी), आत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच), विजेच्या अचानक वाढलेल्या दाबापासून वाचवणारा सर्ज प्रोटेक्टर, आणि वेगळं अर्थिंग. अर्थिंगचं मोजमाप उन्हाळ्यात करून घ्या, माती वाळली की रोध वाढतो. पावसाळ्यातला आकडा बघून समाधान मानू नका. परवानाधारक वीज कंत्राटदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतोच, त्याशिवाय जोडणी मिळत नाही.

जूनमध्ये आचारसंहिता उठली आणि पाऊस सुरू झाला. काळ्या मातीत पावसाळ्यात पाया खणायचा विषयच नव्हता. ही माती पाण्यानं फुगते, उन्हानं आकसते, भेगा पडतात. आमचे फॅब्रिकेटर चाचा एमआयडीसीत अनेक वर्षं गेट, शेड, पाण्याच्या टाक्यांचे सांगाडे करतात. त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, "बाजी, ये मिट्टी साल में दो बार करवट लेती. मुरूम लागेपर्यंत खणायचं, नाहीतर तुमचे बारा खांब बारा दिशेला." स्ट्रक्चरल इंजिनिअरही तेच म्हणाले. लातूर जिल्ह्यात कुठलाही इंजिनिअर पायाला हलकं घेत नाही, किल्लारीच्या भूकंपाची, ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट अजून इथल्या प्रत्येक घराला माहीत आहे. त्यांच्या नकाशात बाराही खांब जमिनीखाली एका गोल बीमनं बांधलेले होते, म्हणजे माती हलली तरी सगळं कडं मिळून हलेल, एकटा खांब कलणार नाही.

१७ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी आणि मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन एकाच दिवशी होते. ते झाल्यावर पावसाची उघडीप बघून खोदाई सुरू केली. दीड मीटरवर मुरूम लागला. चाचांनी बोल्ट बसवायला प्लायवूडची गोल फर्मा केली होती, तिच्यामुळं बाराही ठिकाणचे बोल्ट बरोबर बसले. दसऱ्याच्या आधी एम२० दर्जाचं काँक्रीट झालं. त्यावर पोतं टाकून पाणी मारायचं काम बागेतल्या माळीमामांनी स्वतःहून घेतलं. बीममध्ये घालायला केबलचे पाइप काँक्रीटच्या आधी टाकावे लागतात आणि एखाददुसरा पाइप जास्तीचा टाकावा लागतो. तो जादा पाइप पुढं कामाला आला.

१५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता. चालू काम थांबवायचं नव्हतं, फक्त उद्घाटन करता येणार नव्हतं. मला तर हा वेळ हवाच होता. दिवाळीच्या सुट्टीत खांब उभे राहिले. लोखंडाला आधी गॅल्व्हनायझिंग, मग पावडर कोटिंग. उजेडाच्या खिडक्यांना दुधी पॉलिकार्बोनेट, उन्हाला टिकणारं. साधं अ‍ॅक्रिलिक स्वस्त पडतं, पण मुलं दगड मारतात, लोंबकळतात, आणि ते तडकतं. एका पुरवठादारानं पाठवलेल्या मालात निम्मे पत्रे उन्हाचा थर नसलेले निघाले, ते परत पाठवण्यात दिवस गेले. माल हातात आल्यावर पैसे देण्याआधी प्रत्येक पत्र्यावरची संरक्षक फिल्म वाचून बघा, कुठली बाजू उन्हाकडं ठेवायची ते त्यावर छापलेलं असतं.

उजेडाबद्दल काही गोष्टी आम्ही आधीच ठरवल्या होत्या. उघडझाप कुठंही नाही, कारण सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा दिवे लुकलुकले तर काही लोकांना फिटचा झटका येऊ शकतो. उजेड वरच्या दिशेनं नाही, कडुनिंबावर रात्री पाखरं बसतात. रात्री साडेनऊला सगळं बंद. पावसाळ्याच्या सुरुवातीला वाळवीची पाखरं निळ्या-पांढऱ्या उजेडावर तुटून पडतात, म्हणून त्या दिवसांत रंग अंबर आणि तेज कमी.

२३ नोव्हेंबरला निकाल लागला, त्यानंतर आचारसंहिता संपली. आता तारीख. डिसेंबरच्या शेवटी आमच्याकडं सूर्य सहाच्या आत मावळतो, त्यामुळं लहान मुलांचे कार्यक्रम लवकर आटोपतात आणि अंधारही हवा तेवढा मिळतो. नागपूरचं हिवाळी अधिवेशन २१ ला संपत होतं. म्हणून रविवार, २२ डिसेंबर, संध्याकाळी साडेसहा. पालकमंत्री तोवर ठरलेले नव्हते, पण शासकीय जागेवरच्या कार्यक्रमात निमंत्रणपत्रिकेवर कोणाचं नाव, कोणत्या क्रमानं, हे राजशिष्टाचारानुसारच ठरतं. मजकूर आपण लिहायचा, महापालिकेकडून तपासून घ्यायचा, मगच छापायचा. कोनशिलेचंही तसंच. ध्वनिक्षेपकासाठी पोलीस ठाण्याची परवानगी वेगळी, तिचा अर्ज आठवडाभर आधी द्या.

आम्ही व्यासपीठ ठेवलं नाही आणि रिबनही नाही. शिल्पच असं आहे की एकट्या पाहुण्याच्या हातून ते पूर्ण उजळत नाही. हे महापालिकेच्या अधिकाऱ्यांना समजावून सांगायला मी फार तयारी करून गेले होते, पण व्हिडिओ बघून ते लगेच म्हणाले, "मग बारा जण कोण, ते तुम्हीच ठरवा." त्या बारा जागांवर दोन अधिकारी, माळीमामा, सफाईचं काम करणाऱ्या दोन ताई, चाचा, त्यांचा वेल्डर, सकाळी फिरायला येणाऱ्या गटातले एक आजोबा, नीटची तयारी करायला नांदेड जिल्ह्यातून इथं राहायला आलेली एक मुलगी, देणगीदारांपैकी एक, माझा विद्यार्थी आणि सासूबाई उभ्या राहिल्या. मी बाहेर, फोन हातात घेऊन.

फोन का, ते सांगते. रडारला पाहुणा आणि गर्दी यातला फरक कळत नाही. आदल्या संध्याकाळच्या चाचणीत बघे जवळ आल्याबरोबर खांब आपोआप भरायला लागले. म्हणून आम्ही चार मीटरवर दोरी बांधली आणि शिल्प फोनवरून कुलूपबंद ठेवायची सोय केली. असं काही करणार असाल तर ही सोय हवीच, नाहीतर भाषणं चालू असतानाच सगळा उजेड होऊन जातो.

भाषणं दोनच, दहा मिनिटांत संपली. मी कुलूप काढलं. उजेड चढायला थोडा वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात गर्दी अगदी गप्प होती. मग बुडातून निळं वर आलं, गुडघ्याला, कमरेला, खांद्याला, आणि काठाला लागून गोल फिरलं. सफाईच्या एका ताईंनी दोन्ही हात खांबाला लावले होते. हात लावायची गरज नसते, पण त्यांनी शेवटपर्यंत काढले नाहीत. चाचा वर न बघता खाली बेस प्लेटकडं बघत होते. मी रडले.

पण माझ्या मते खरं लोकार्पण त्यानंतर झालं. दोरी काढली, पाहुणे चहाकडं गेले आणि लोक आत शिरले. आधी मुलं धावत सुटली. धावणाऱ्यासाठी उजेड चढत नाही, थांबावं लागतं, हे त्यांना आम्ही सांगितलं नव्हतं. एका सात-आठ वर्षांच्या पोरीनं ते शोधलं आणि ती ओरडायला लागली, "पळू नका रे, हुबं राहा, हुबं राहा!" दहा-अकरा खांब भरले, आणि मग माणसं अनोळखी माणसांना हाका मारायला लागली. "ओ काका, इकडं या की, एक जागा मोकळीय!" "मावशी, तुम्ही या, लेकराला पण घ्या." बाकावर बसलेल्या एका जोडप्याला कुणीतरी हाताला धरून आणलं. गेटवरचा भेळवाला गाडा सोडून आला आणि बारावा झाला. उजेड काठाला लागला तसा सगळ्यांनी एकच गलका केला. हे मी नकाशात काढलेलं नव्हतं, प्रोग्राममध्येही लिहिलेलं नव्हतं. एक माणूस कमी पडतोय, हे तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाला डोळ्यांनी दिसत होतं आणि कुणालातरी बोलवावंसं वाटत होतं. २०१६ नंतर इतकी वर्षं मी जे मनात धरून होते ते माझ्यासमोर घडत होतं. साडेनऊला दिवे बंद झाले तेव्हाही लोक जायला तयार नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून किल्लीचा प्रश्न सुरू झाला. पेटीची एक किल्ली उद्यान विभागाकडं, एक माझ्याकडं, आणि रोजचं चालू-बंद टायमरवर. माणसाच्या आठवणीवर ठेवू नका. उद्यानाच्या पाळ्या बदलतात, नवीन माणूस येतो, त्याला शिल्प म्हणजे काय तेच माहीत नसतं. पेटीच्या दाराला आतून आम्ही एक लॅमिनेट केलेला कागद लावलाय. त्यावर कुठला स्विच कशाचा, काय करायचं, काय करायचं नाही, कोणाला फोन करायचा, एवढंच आहे. वीज महिन्याला २० ते २५ युनिट जाते, हा आकडा मी दर महिन्याला उद्यान विभागाला लेखी देते. त्यामुळं कुणाच्या मनात शंका राहत नाही.

दुरुस्तीही सांगायला हवी. पहिल्या उन्हाळ्यात पेटीतल्या एसएमपीएस (२३० व्होल्टचे १२ व्होल्ट करणारी उपकरणं) तापायला लागल्या, त्यावर पत्र्याची सावली केली आणि पेटीचं तोंड उत्तरेला वळवलं. २०२५ च्या मे महिन्यातच जोराचा पाऊस झाला, तेव्हा एका खांबात केबल आत जाते तिथल्या ग्लँडमधून पाणी शिरलं. जादा पाइपातून नवी केबल ओढली, खोदावं लागलं नाही. मुंग्या आणि पाली पेटीत शिरतात, त्यासाठी केबलची सगळी भोकं पुटीनं बुजवावी लागतात आणि दर तीन महिन्यांनी बघावी लागतात. रडारच्या खिडकीसमोर कोळ्यानं जाळं केलं आणि ते वाऱ्यानं हललं की खांब उगाच चढतो. माळीमामा आता खराट्यानं रोज खिडक्या झाडतात. सुटे भाग म्हणून दोन रडार, एक एसएमपीएस आणि पाच मीटर दिव्यांची पट्टी मी घरात ठेवते. खर्चाच्या अंदाजात हे आधीच धरा, एकूण रकमेच्या दहा टक्के तरी.

गेल्या महिन्यात शेजारच्या जिल्ह्यातल्या एका नगर परिषदेच्या उद्यान विभागातून फोन आला होता, त्यांना असंच काहीतरी करायचं आहे. त्यांनी दिव्यांची किंमत विचारली. मी म्हटलं, दिव्यांचं नंतर बघू. आधी जागा ठरवा, तिथं एक खड्डा घ्या आणि मुरूम किती खोल लागतो ते मला कळवा. अर्जाचा मसुदा, करारनाम्याची कलमं आणि पायाचा नकाशा त्यांना पाठवलाय. तुम्हालाही लागला तर सांगा, पाठवते.